वीस खेळाडू, एक सूत्रधार: लहान टेबलाच्या आग्रहाचा प्रतिवाद

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम या खेळप्रकाराने पन्नाशी ओलांडली असली तरी त्याचे मूळ स्वरूप अजूनही साधेच आहे: टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येक खेळाडूने एका काल्पनिक पात्राची भूमिका घ्यायची, आपले पात्र काय करते ते बोलून सांगायचे, आणि ज्या कृतीचा निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकायचे. पात्रांभोवतीचे जग, त्या जगातली इतर माणसे, धोके आणि कृतींचे परिणाम हे सारे ज्याच्या हाती असते त्याला गेम मास्टर, म्हणजे खेळाचा सूत्रधार, म्हणतात. या खेळाविषयीच्या उपदेशपर लेखनात एक मत इतके रूढ झाले आहे की त्याची कारणे सांगण्याची गरजही आता फारशी कोणाला वाटत नाही. ते मत असे, की एका सूत्रधाराने चार ते सहा खेळाडूंपुढे जाऊ नये. सातवा खेळाडू म्हणजे भार, आठवा म्हणजे अविचार, आणि बारा किंवा वीस जणांचा खेळ मांडणे म्हणजे भूमिका वठवण्याला रामराम ठोकून गर्दीचा बंदोबस्त करीत बसणे. कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे शेकडो-हजारो हौशी खेळाडू दोन-चार दिवस एकत्र येऊन ठरावीक तासांच्या स्लॉटमध्ये बहुधा अनोळखी लोकांबरोबर खेळतात अशा मेळाव्यात, हे मत तर नियमासारखेच लागू केले जाते. हे मत लहान टेबलापुरते खरे आहे. मोठ्या खेळाला ते लावणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे होय, कारण मोठा खेळ हा लहान टेबल ताणून केलेला खेळच नव्हे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर त्याच्या खंडनाला किंमत उरत नाही, म्हणून तो पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. त्याचा पहिला आधार वेळेचा हिशेब हा आहे. मेळाव्यातला स्लॉट बहुधा चार तासांचा, म्हणजे २४० मिनिटांचा असतो. ओळखपाळख, नियमांची माहिती आणि पात्रांचे वाटप यांत अर्धा तास गेला आणि उरलेल्या २१० मिनिटांपैकी निम्मी सूत्रधाराच्या बोलण्यात गेली असे धरले, तर सहा जणांच्या टेबलावर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसतरा मिनिटे येतात, बारा जणांच्या टेबलावर पावणेनऊ आणि वीस जणांच्या टेबलावर जेमतेम सव्वापाच. दुसरा आधार मानवी संभाषणाच्या स्वभावाचा आहे: मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार आपोआप जमणारा बोलणाऱ्यांचा घोळका साधारण चार जणांपर्यंतच एकसंध राहतो, आणि त्यापुढे माणसे वाढली की एका संभाषणाची दोन होतात. तिसरा आधार नियमांचा आहे, कारण आजच्या लोकप्रिय नियमावल्या लहान गट डोळ्यांपुढे ठेवूनच रचलेल्या असतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत लढाईची काठिण्यपातळी ठरवण्याचे गणित तीन ते पाच पात्रांचा गट गृहीत धरते. चौथा आधार नैतिक म्हणावा असा आहे: मोठ्या गटात मोठ्या आवाजाचे दोघे-तिघे सारा खेळ बळकावतात आणि मितभाषी खेळाडू चार तासांचे पैसे भरून प्रेक्षक होऊन बसतो.

यातला एकही मुद्दा काल्पनिक नाही, आणि वाईट रीतीने चालवलेल्या मोठ्या खेळात हे चारही दोष एकाच वेळी दिसतात हेही खरे आहे. प्रश्न एवढाच आहे, की हे दोष खेळाडूंच्या संख्येतून येतात की त्या संख्येला लहान टेबलाच्या रीतीने हाताळण्यातून.

वेळेच्या हिशेबापासून सुरुवात केली तर त्यात एक न बोललेले गृहीतक सापडते: खेळातले प्रत्येक वाक्य सूत्रधाराकडे गेले पाहिजे किंवा त्याच्याकडून आले पाहिजे, आणि एका वेळी एकच वाक्य बोलले गेले पाहिजे. सारी पंगत एकाच वाढप्याने वाढायची ठरवली तर शेवटच्या पानापर्यंत भात थंडच पोहोचणार. पण त्यावरून पंगत लहान असावी असा निष्कर्ष कोणी काढीत नाही. वीस खेळाडू पाच-पाचांच्या चार गटांत एकाच वेळी बोलू लागले, एका गटात तह शिजतो आहे, दुसऱ्यात कटाची आखणी चालली आहे, तिसऱ्यात आपल्यातला फितूर कोण यावरून खडाजंगी चालली आहे अशी स्थिती आली, की २१० मिनिटांना वीसने भागण्याचे कारणच उरत नाही. तेव्हा भागायचे असते ते सूत्रधाराच्या लक्षाला, आणि ते लक्ष प्रत्येक खेळाडूला सतत मिळाले पाहिजे हीच मुळात लहान टेबलाची सवय आहे. डनबारचे निरीक्षणही येथे पूर्वपक्षाच्या विरुद्ध साक्ष देते. मोठा घोळका आपण होऊन फुटत असेल, तर शहाणा सूत्रधार त्या फुटण्याला शिस्तभंग मानणार नाही. तो प्रत्येक तुकड्याला बोलण्याजोगा विषय आणि दुसऱ्या तुकडीकडे जाण्याचे कारण देईल.

इतिहासाची साक्ष याहून स्पष्ट आहे. या खेळाच्या पूर्वजांत प्रशियाच्या सैन्यातला क्रीगश्पील हा युद्धाभ्यासाचा खेळ मोडतो. १८२४ साली राइसवित्झ या अधिकाऱ्याने सिद्ध केलेल्या त्याच्या रूपात दोन्ही पक्षांचे अधिकारी आपापले लेखी हुकूम पंचाकडे देत, आणि प्रत्यक्ष स्थिती केवळ पंचाला ठाऊक असे. पुढे १८७६ साली व्हेर्डी दु व्हेर्न्वा याने नियमांच्या कोष्टकांऐवजी अनुभवी पंचाच्या तत्काळ निर्णयावर भिस्त ठेवणारा मुक्त क्रीगश्पील पुढे आणला. एकाच पंचाने अनेकांचे मनसुबे एकाच वेळी सांभाळायचे असतील तर हुकूम लेखी असावेत, माहिती वाटलेली असावी आणि निवाडा झटपट व्हावा, ही तीन सूत्रे अशा रीतीने रोल-प्लेइंगच्या जन्माआधी जवळपास शंभर वर्षे तयार होती.

प्रत्यक्ष जन्मकथा तर मोठ्या गटाचीच कथा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने १९६९ साली नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक प्रशियन गावावर एक युद्धखेळ मांडला. दोन सैन्यांचे सेनापती ठरल्यावर उरलेल्या खेळाडूंना त्याने गावातल्या नागरी भूमिका दिल्या: कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. सुमारे वीस माणसे जमली. वेस्ली एकेकाला वेगळ्या खोलीत बोलावून त्याचे बेत ऐकू लागला, आणि तोवर बाहेर राहिलेले खेळाडू वाट पाहत न बसता आपापसांत सौदे, कारस्थाने आणि भांडणे करू लागले. दोन पात्रांनी तर एकमेकांना द्वंद्वाचे आव्हान दिले. सैन्ये बाजूलाच राहिली, योजलेला खेळ विस्कटला आणि तो पूर्ण फसला अशी वेस्लीची खात्री झाली. खेळाडू मात्र पुढचा खेळ कधी, असे विचारू लागले. त्यांच्यातलाच एक डेव्ह आर्नेसन. त्यानंतरच्या एका खेळात, जो एका काल्पनिक लॅटिन अमेरिकी प्रजासत्ताकावर बेतलेला होता, विद्यार्थी क्रांतिकारकाची भूमिका घेतलेल्या आर्नेसनने आपण सीआयएचे हस्तक आहोत असे इतरांना पटवून दिले, अशी हकीकत या खेळाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. भूमिकेच्या आत दुसरी भूमिका घेण्याची ही करामत चार ओळखीच्या सवंगड्यांच्या टेबलावर साधणे अवघड, कारण तेथे फसवायला माणसेच पुरेशी नसतात आणि जे असतात त्यांनी सारे काही समोरच ऐकलेले असते.

याच आर्नेसनने गॅरी गायगॅक्सबरोबर सिद्ध केलेला डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या पहिल्या पुस्तिकेत खेळाडूंची संख्या चारपासून पन्नासपर्यंत सांगितली होती आणि एका पंचामागे सुमारे वीस खेळाडू असे प्रमाण सुचवले होते. यावर असे उत्तर दिले जाऊ शकते, की ती संख्या दीर्घकाळ चालणाऱ्या मोहिमेतल्या एकूण खेळाडूंची होती, एका बैठकीची नव्हे. हे उत्तर अंशतः मान्य करावे लागते. पण गायगॅक्सच्या तळघरात कधी कधी वीसहून अधिक खेळाडू एकाच वेळी दाटीने बसत आणि त्यामुळे त्याला रॉब कुन्ट्झला जोडीदार सूत्रधार म्हणून घ्यावे लागले, हेही त्याबरोबर मान्य करावे लागते. त्या काळच्या खेळात कॉलर नावाची एक जबाबदारी असे: गटाने आपापसांत चर्चा करून काय ठरवले ते हा एक खेळाडू सूत्रधाराला सांगे, आणि दुसरा एक जण सूत्रधाराच्या वर्णनावरून नकाशा काढीत असे. पुढे गट लहान झाले, कॉलर अनावश्यक वाटू लागला, आणि मोठ्या गटाला पेलणारे हे हत्यार मोडीत काढल्यानंतर मोठा गट पेलत नाही अशी तक्रार सुरू झाली. मेळाव्यांतल्या स्पर्धाही लहान नव्हत्या. १९८० सालच्या जेन कॉन या मेळाव्यात गुलामांच्या व्यापाऱ्यांविरुद्धच्या साहसमालिकेची जी स्पर्धा झाली तिच्यासाठी नऊ पात्रे आधीच तयार करून दिलेली होती. चार ते सहा हा आकडा या खेळाच्या स्वभावातून निघालेला नाही. घरगुती बैठकीच्या सोयीतून तो हळूहळू रुळला आणि मग सिद्धान्ताच्या वेषात वावरू लागला.

ब्राउनश्टाइनच्या कथेत आणखी एक धडा आहे आणि प्रस्तुत वादात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. खेळ फसला हा निकाल कोणी दिला? सूत्रधाराने. मोठ्या खेळात सूत्रधार हाच सर्वांत कमी पाहणारा माणूस असतो. त्याच्या कानावर पडतात ते प्रश्न, तक्रारी आणि घाईघाईने आलेले हुकूम, तर खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात रंगलेला संवाद त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. सूत्रधारांसाठीचे उपदेश बहुतांशी सूत्रधारच लिहितात, आणि त्यांत खेळाची प्रत मोजली जाते ती सूत्रधाराच्या दमणुकीवरून आणि खेळ किती त्याच्या नजरेखाली घडला यावरून. सूत्रधाराची दमणूक खरी आहे आणि तिचा विचार व्हायलाच हवा. पण ती खेळाडूच्या आनंदाचे माप होऊ शकत नाही.

मग मोठा खेळ चालवायचा कसा? उदाहरणासाठी बारा खेळाडू, एक सूत्रधार आणि वेढा पडलेले एक शहर घ्यावे. पहिली गोष्ट म्हणजे लांब टेबल टाळावे. मेळाव्याच्या दालनात शेजारी पंधरा-वीस खेळ चालू असताना लांब टेबलाच्या एका टोकाचे बोलणे दुसऱ्या टोकाला ऐकू जात नाही, म्हणून खुर्च्यांचे तीन-चार घोळके करावे: एक तटावरचा, एक दरबाराचा, एक बाजाराचा. प्रत्येक खेळाडूसमोर दुमडलेले जाड कागदाचे कार्ड असावे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पात्राचे नाव व सर्वांना ठाऊक असलेली एक ओळ मोठ्या अक्षरांत असावी, उदाहरणार्थ, कोठावळा, धान्याच्या कोठारांच्या किल्ल्या याच्याकडे. कोणाकडे जाऊन काय मागायचे हे त्यामुळे सूत्रधाराला न विचारता कळते. पात्राच्या कागदावर मात्र दोन गोष्टी गुप्त असाव्यात: दुसऱ्या कोणाला तरी हवी असलेली आणि आपल्यापाशी असलेली एक वस्तू किंवा माहिती, आणि आपल्याला हवी असलेली व दुसऱ्यापाशी असलेली एक. कोठावळ्याला ठाऊक आहे की धान्य नऊ दिवसांचेच उरले आहे. किल्लेदाराने महिनाभर तग धरण्याचा शब्द दिला आहे. आणि बाजारातल्या एका व्यापाऱ्याला शहराबाहेर जाणारे भुयार माहीत आहे, पण त्याची मुलगी दरबाराने ओलीस ठेवली आहे. एवढी मांडणी झाली, की पहिली वीस मिनिटे सूत्रधाराने तोंडही न उघडता खेळ चालतो.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. ज्या कृतीचा परिणाम जगावर होणार ती खेळाडूने एका चिठ्ठीवर लिहावी: कोण, काय, कोणाच्या मदतीने आणि कोणत्या साधनाने. सूत्रधार दर पंधरा मिनिटांनी चिठ्ठ्या गोळा करतो, जेथे निकाल उघड आहे तेथे नुसता निर्णय देतो, जेथे शंका आहे तेथे एकच फासा टाकायला लावतो, आणि मग साऱ्या दालनाला ऐकू जाईल अशा दोन-तीन वाक्यांत शहरात काय घडले ते सांगतो. लढाई आलीच तर इनिशिएटिव्ह, म्हणजे फाशांवरून प्रत्येक पात्राची स्वतंत्र पाळी ठरवण्याची पद्धत, बाजूला ठेवावी. बारा जणांना प्रत्येकी दोन मिनिटे आणि शत्रूला सहा मिनिटे धरली तर एक फेरी अर्ध्या तासाची होते, आणि दोन मिनिटे खेळून अठ्ठावीस मिनिटे थांबणारा खेळाडू दुसऱ्या फेरीच्या आधीच मोबाइल बाहेर काढतो. त्याऐवजी एका बाजूच्या सर्वांनी मिनिटभर आपापसांत ठरवून एकदमच फासे टाकले आणि सूत्रधाराने ओळीने निकाल घेतले, तर तीच फेरी सात-आठ मिनिटांत आटोपते. खेळाडू पंधराच्या पुढे गेले तर दुसरा सूत्रधार घ्यावा. मात्र त्याने निम्मे खेळाडू वेगळे काढून दुसरा लहान खेळ सुरू करू नये, चिठ्ठ्यांचे निकाल आणि गुप्त भेटी हे काम त्याने उचलावे.

येथे पूर्वपक्षाचा एक बदललेला पवित्रा लक्षात घ्यावा लागतो. मोठ्या संख्येला हरकत नाही, पण ती अनेक टेबलांत वाटलेली असावी, असे काही जण म्हणतात आणि पाथफाइंडर सोसायटी किंवा अ‍ॅडव्हेंचरर्स लीग या संघटित खेळ-उपक्रमांच्या बहुटेबली विशेष खेळांकडे बोट दाखवतात, ज्यांत एकाच दालनात डझनावारी टेबले एकाच कथानकात खेळतात आणि प्रत्येक टेबलाला स्वतंत्र सूत्रधार असतो. हे खेळ आपल्या जागी उत्तम असतात आणि त्यांतला सामूहिक जल्लोष खोटा नसतो. पण टेबलांमधला संबंध मुख्यतः व्यासपीठावरच्या घोषणा, एकत्रित यशाची मोजणी आणि एकमेकांना पाठवलेली मदत एवढ्यापुरता राहतो, आणि चौथ्या टेबलावरच्या पात्राला नवव्या टेबलावरच्या पात्राशी सौदा करायचा असेल तर त्याला बहुधा वाट नसते. उलट २०१४ साली जिम वॉलमन याने मांडलेल्या वॉच द स्काइज या मेगागेममध्ये, म्हणजे अनेक संघांच्या दिवसभर चालणाऱ्या खेळात, वेगवेगळ्या राष्ट्रांचे संघ, वृत्तपत्र चालवणारे खेळाडू आणि परग्रहवासी हे सारे एकाच दालनात एकमेकांकडे जाऊन बोलतात आणि त्या ये-जा करण्यातूनच खेळ उभा राहतो. तो काटेकोर अर्थाने रोल-प्लेइंग गेम नाही अशी हरकत घेता येईल. पण परराष्ट्रमंत्री होऊन दुसऱ्या देशाच्या मंत्र्याला गोड बोलून फशी पाडणाऱ्या खेळाडूने भूमिका वठवली नाही असे म्हणायचे असेल, तर भूमिका या शब्दाचा अर्थ फारच आखडून घ्यावा लागेल.

राहिला मितभाषी खेळाडू. तो मोठ्या गटात हरवतो हे म्हणणे असे सुचवते की लहान टेबलावर तो सुरक्षित असतो, आणि हे वस्तुस्थितीला धरून नाही. सहा जणांच्या टेबलावर प्रत्येक वाक्य पाच जणांसमोर आणि सूत्रधारासमोर बोलावे लागते, म्हणजे तेथे बोलणे हे कायमच सभेत बोलणे असते. बुजऱ्या माणसाला सर्वांत जड जाते ते हेच. तीन जणांच्या घोळक्यात, किंवा एकाच समोरच्याशी, हळू आवाजात बोलण्याची मुभा मोठा खेळ देतो, आणि ज्याच्याकडे किल्ल्या आहेत त्याच्याकडे लोक आपण होऊन येतात, त्याला हात वर करून पाळी मागावी लागत नाही. अनोळखी लोकांच्या खेळात नको तो विषय निघाल्यास तो तत्काळ थांबवण्यासाठी जॉन स्टाव्ह्रोपूलोस याने सुचवलेले एक्स-कार्ड, म्हणजे नुसता स्पर्श करून विषय बदलायला लावणारा पत्ता, हेही मोठ्या खेळात वापरता येते; मात्र ते प्रत्येक घोळक्यात असले पाहिजे, कारण सूत्रधारापुढच्या एकाच कार्डाचा दुसऱ्या कोपऱ्यात काही उपयोग नाही. आवाजी खेळाडूचा प्रश्न उरतोच, पण तो मांडणीने आवरता येतो: त्याला हवी असलेली वस्तू तीन वेगवेगळ्या माणसांकडे ठेवली, की त्याला ऐकणे शिकावेच लागते.

प्रतिवादालाही मर्यादा असते आणि ती सांगून टाकणे इष्ट. एकाच सुतावरून स्वर्ग गाठायचा असतो अशी गुन्ह्याच्या तपासाची कथा, जिच्या भीतीचा सारा जोर शांततेवर असतो ती भयकथा, आणि चौकटी मोजून डावपेच लढवण्यात ज्याची गोडी आहे तो युद्धप्रधान खेळ, हे तिन्ही लहान टेबलाचेच आहेत. ते बारा जणांपुढे मांडले तर पूर्वपक्षाने सांगितलेले सारे दोष हमखास दिसतील. मोठ्या खेळात सूत्रधाराला आपली आवडती गोष्ट सांगता येत नाही, कारण गोष्ट कोठे जाईल हे त्याच्या हाती नसते. ज्याला गोष्ट सांगायची आहे त्याने मोठ्या खेळाच्या वाटेला जाऊ नये. खेळाच्या जाहिरातीतही हे स्वच्छ लिहिले पाहिजे, म्हणजे सूत्रधाराच्या तपशीलवार वर्णनाची आणि फाशांच्या लढाईची अपेक्षा घेऊन आलेला खेळाडू फसवला जाणार नाही.

मेळाव्यांच्या आयोजकांनी यातून घेण्याजोगा निष्कर्ष ठोस आहे. मेळावा हे असे एकच ठिकाण आहे जेथे एकमेकांना न ओळखणारी वीस माणसे चार तास एकाच खेळाला देण्याच्या तयारीने येतात. घरी ही संख्या जमत नाही आणि जमली तरी साऱ्यांच्या खोड्या एकमेकांना आधीच पाठ असतात. अशा ठिकाणी घरच्यासारखेच सहा जणांचे टेबल मांडणे गैर नाही, पण फक्त तेवढेच मांडणे म्हणजे मेळाव्यालाच जे साधू शकते ते न साधणे होय. वेळापत्रकात मोठ्या खेळांचा वेगळा विभाग असावा, त्यांना भिंतीलगतची किंवा स्वतंत्र खोलीची जागा मिळावी, जोडीदार सूत्रधाराला मुख्य सूत्रधाराइतकाच मान आणि मोबदला मिळावा, आणि खेळानंतरच्या अभिप्रायात सूत्रधाराने आपल्याकडे किती लक्ष दिले हा एकच प्रश्न न विचारता, किती वेगवेगळ्या खेळाडूंशी आपल्या पात्राचा संबंध आला आणि त्यांतल्या कोणामुळे आपला बेत बदलला, हेही विचारले जावे. या प्रश्नांची उत्तरे काही वर्षे प्रामाणिकपणे गोळा केली आणि तीही मोठ्या खेळाच्या विरुद्ध गेली, तर पूर्वपक्षाला जिंकल्याचे श्रेय घेता येईल. तोवर चार ते सहा या आकड्याला सोयीचा दर्जा असू द्यावा, नियमाचा नको.